दीडशेची तपासणी, चार हजारांची गाडी

आंजर्ल्याच्या आमच्या घरात एक लांबट वही आहे. पूर्वी तिच्यात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब असायचा. २०१९ पासून तिच्यात काकांच्या किडनीचा हिशेब आहे. डावीकडे तारीख, मधे बीपी, उजवीकडे खर्च. काका बीपी सांगतात, काकू लिहिते, आणि मी दापोलीहून महिन्यातून दोनदा येते तेव्हा बिलं लावून बेरीज करते. गावात ज्यांच्या घरी बीपी आणि किडनी हे दोन्ही आजार एकत्र आले आहेत, असे चार-पाच जण अलीकडे विचारायला आले: नक्की किती खर्च येतो? कुठे वाचतो? कुठे वाचवायचा नाही? त्यांना दिलेली उत्तरंच इथे सविस्तर मांडते. आकडे आमच्या वहीतले आहेत, म्हणजे दापोली, खेड, चिपळूण आणि क्वचित मुंबईचे. तुमच्या बिलात दहा-वीस टक्के इकडेतिकडे होईल.

बेरजा करताना एक गोष्ट पहिल्याच वर्षी लक्षात आली. औषधांनी आम्हाला खचवलं नाही. खचवलं ते उशिराने आणि गाडीभाड्याने.

आधी त्या चाचणीबद्दल, जी आम्ही केली नाही

काकांना बीपी असल्याचं २०१३ मध्ये कळलं, एका शिबिरात. वय ६०. गोळी सुरू झाली. २०१५ मध्ये रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन आलं १.४. रिपोर्टवर छापलेली मर्यादा १.३ होती. ‘थोडंसंच वाढलंय’ असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही तो कागद कपाटात ठेवला.

तो कागद आज वाचते तेव्हा वेगळाच दिसतो. क्रिएटिनिनचा नुसता आकडा फसवतो. वय आणि स्त्री की पुरुष हे धरून त्यावरून किडनीच्या कामाचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. ६२ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.४ म्हणजे ईजीएफआर साधारण ५७. तो ६० च्या खाली तीन महिने राहिला तर किडनीचा जुनाट आजार धरला जातो. बायकांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. ६२ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ आलं तर बऱ्याच रिपोर्टांत ते मर्यादेच्या आसपास दिसतं आणि कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. हिशेब केला तर ईजीएफआर ५१ च्या आसपास येतो. तेव्हा लॅबवाल्याला सांगा, क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापून द्या. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसरी चाचणी लघवीची. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, लॅबमध्ये एसीआर म्हटलं की कळतं. सकाळची पहिली लघवी द्यायची. ३० च्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे किडनीतून प्रथिनं गळायला लागली आहेत, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. ही गळती क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी सुरू झालेली असू शकते. दुखत नाही, खुपत नाही, सूज येत नाही. काकांचा एसीआर पहिल्यांदा २०१९ मध्ये केला तेव्हा तो ९०० च्या वर होता, क्रिएटिनिन १.९ आणि ईजीएफआर ३८. मधली चार वर्षं कपाटातल्या कागदाने खाल्ली.

खर्च असा: खाजगी लॅबमध्ये क्रिएटिनिन १५० ते २५० रुपये, साधी लघवी १०० च्या आसपास, एसीआर ४०० ते ७००, सोडियम-पोटॅशियम ३०० ते ५००. पोटाची सोनोग्राफी ९०० ते १,५००, ती एकदा पुरते, दरवर्षी लागत नाही. म्हणजे बीपी किंवा मधुमेह असलेल्या माणसाची किडनी वर्षातून एकदा बघायला साधारण हजार रुपये. सरकारी दवाखान्यात गेलात तर तेही नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि महालॅबमार्फत रक्ताचे नमुने तिथूनच जातात. एसीआर प्रत्येक ठिकाणी होईलच असं नाही, म्हणून विचारून घ्या. होत नसेल तर तेवढी एक बाहेर करा. ज्या दिवशी बीपीच्या गोळ्या आणायला जाल त्याच दिवशी रक्त द्या, दुसरी फेरी पडत नाही.

बीपी घरी मोजायचं मशीन

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन १,५०० ते २,५०० रुपयांत मिळतं. मनगटावरचं घेऊ नका, आकडा भरवशाचा येत नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्यात बीपी खोटंच जास्त दिसतं.

काकांची पद्धत आता पक्की झाली आहे. सकाळी गोळी आणि चहा यांच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, ओटीवरच्या खुर्चीत पाठ टेकून बसायचं. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं गप्प. मग हात शेजारच्या स्टुलावर उशी ठेवून छातीच्या उंचीवर आणायचा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, दोन्ही लिहायचे. पहिले काही दिवस ते मासे घेऊन आलेल्या बाईशी भाव करता करता मोजत आणि १६० आलं की काळजी करत बसत. काकूने मशीन ताब्यात घेतलं तेव्हा ते थांबलं.

किडनीच्या बहुतेक रुग्णांत बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. काहींना डॉक्टर त्याहूनही खाली, वरचा आकडा १२० पर्यंत आणतात. ज्यांना उभं राहिलं की चक्कर येते अशा म्हाताऱ्या माणसांचं लक्ष्य सैल ठेवतात. तुमचा आकडा कोणता हे डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. बीपी किडनी बिघडवतं आणि बिघडलेली किडनी बीपी वाढवते. हे चक्र कुठून सुरू झालं ते शोधण्यापेक्षा ते आज कुठे अडवता येतं ते बघावं.

मशीन घ्यायला पैसे नसतील तर आशाताई किंवा आरोग्य उपकेंद्र मोजून देतं. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी तपासायचा कार्यक्रम सरकारी आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात तर बीपीच्या रुग्णांची नोंद ठेवून ठरावीक गोळ्या महिनाभराच्या देण्याचा केंद्राचा उपक्रम २०१७-१८ मध्येच सुरू झाला होता. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. त्यातला साधा धडा असा की महाग गोळीपेक्षा रोज न चुकता घेतलेली स्वस्त गोळी बीपी जास्त चांगलं आवरते.

गोळ्या: इथे पैसे वाचतात

बीपीची नेहमीची औषधं फार जुनी आहेत आणि त्यामुळे स्वस्त आहेत. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन ही दोन नावं बहुतेक कागदांवर दिसतील. सरकारी दवाखान्यात फुकट, जनऔषधी केंद्रात एका गोळीला रुपया-दोन रुपयांच्या आत, आणि नावाजलेल्या कंपनीची घेतलीत तर तीन ते दहा रुपये. औषध तेच. आम्ही पहिली दोन वर्षं ब्रँडच्या गोळ्यांवर महिन्याला १,४०० रुपये घालवले. डॉक्टरांना विचारून जेनेरिकवर आलो तेव्हा तोच कागद ३५० रुपयांत बसला. विचारताना एवढंच म्हणा, ‘औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?’ मूळ नाव लिहिलेलं असेल तर जनऔषधीवाल्याला शोधावं लागत नाही.

लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टनसारख्या गोळीचं काम दुहेरी असतं. बीपी उतरतं आणि गळतीही कमी होते. ही गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा बघतात. इथे बरेच जण घाबरतात. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं आणि शेजारपाजारचे सांगतात, गोळीनेच किडनी बिघडली, सोडा. पहिल्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण गोळीने किडनीवरचा दाब कमी केलेला असतो. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. काकांनी एकदा केली होती, तीन आठवड्यांत बीपी १७८ वर.

दुसरं औषध डापाग्लिफ्लोझिन. मुळात ते मधुमेहाचं. २०२० मध्ये मोठ्या चाचणीतून दिसलं की मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांतही ते आजाराचा वेग कमी करतं. त्याच वर्षी भारतात त्याचं पेटंट संपलं. पन्नास रुपयांच्या घरातली गोळी आज जेनेरिकमध्ये आठ ते पंधरा रुपयांना मिळते. त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि तीही उतरली. ही गोळी सगळ्यांना चालत नाही, लघवीच्या जागी बुरशी धरू शकते, पण ‘मला ती चालेल का’ हे विचारायला हवं. आम्हाला ती पाच वर्षं आधी मिळती तर, असं मला अजून वाटतं.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, ताप आहे, पोटात पाणी ठरत नाही, अशा दिवशी टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन आणि लघवीची गोळी काही दिवस थांबवावी लागते, नाहीतर कोरड्या पडलेल्या शरीरात किडनी एकदम बसते. कोणती थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आमच्याकडे तो कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. पावसाळ्यात रस्ता बंद असताना त्याचा उपयोग होतो.

आणि ज्या गोळ्यांनी घात केला

काकांचे गुडघे दुखत. कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढून आले की रात्री एक गोळी. हळूहळू रोज एक. एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी डायक्लोफिनॅकची गोळी त्यांनी सहा वर्षं घेतली. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि बीपीच्या औषधांच्या यादीत ती कुठेच नव्हती. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, बीपी वाढवतात, आणि बीपीच्या औषधाचं कामही अर्धवट करून टाकतात. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि अशी वेदनाशामक गोळी, ही तिन्ही एकत्र आली की धोका सगळ्यात मोठा.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली औषधाची पिशवी उचलून न्या. चिठ्ठ्या नाहीत, पिशवीच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किती आणि किती दिवस चालेल ते विचारा. ‘क्रिएटिनिन उतरवून देतो’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि भस्मंही त्या पिशवीत घाला. शिसं किंवा पारा असलेली पुडी किडनीला सरळ मारते. अशा पुड्यांवर महिना चार-पाच हजार घालवणारी दोन घरं मला माहीत आहेत.

स्वयंपाकघर, जिथे खर्च उलट कमी होतो

दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, सपाट. हे सगळं मिळून. आम्ही वर्षभर ‘मीठ कमी केलंय’ म्हणत होतो आणि बीपी हलत नव्हतं. मग आहारतज्ज्ञ बाईंनी सोपा हिशेब दिला. घरात माणसं चार. दिवसाला २० ग्रॅम. किलोचं पाकीट ५० दिवस पुरायला हवं. काकूने पाकीट फोडल्याची तारीख त्याच्यावरच पेनाने लिहिली. पहिलं पाकीट १९ दिवसांत संपलं.

मग शोध सुरू झाला. भाजी-आमटीत मीठ कमीच होतं. कोकणातल्या घरात मीठ बाहेरून येतं आणि दिसत नाही. आगळ मीठ घालूनच टिकवलेला असतो, रोजच्या सोलकढीतून तो पोटात जात होता. सुके बोंबील, सुकट, खारवलेला बांगडा. मिठातल्या कैऱ्या. लोणचं, पापड, फेण्या. काकांची पेज तर मिठाशिवाय त्यांच्या गळ्याखाली उतरायची नाही. आता सोलकढीला आगळाऐवजी वाळवलेली आमसुलं भिजवून घेतो. त्यांनाही मीठ लावलेलं असतं, म्हणून आधी धुऊन घेतो. सुक्या मासळीऐवजी ताजी मासळी, लहान तुकडा, आणि पेजेला मीठ नाही, बरोबर लसूण-मिरीची ओल्या खोबऱ्याची चटणी. काका पहिला महिना जेवताना कुणाशी बोलत नसत. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, लग्नातलं जेवण खारट लागलं.

सैंधव घेतलं तरी ते मीठच. आणि ‘कमी सोडियमचं मीठ’ किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि बिघडलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

पोटॅशियमवरूनच शहाळ्याचं सांगते, कारण आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. एका शहाळ्याच्या पाण्यात अर्धा ग्रॅम किंवा जास्तच पोटॅशियम असतं. ज्यांचं पोटॅशियम वाढलेलं आहे त्यांना ते देऊ नका, पाहुण्याला वाईट वाटलं तरी. केळी, फणस, आंबा यांचं प्रमाण रिपोर्ट बघून ठरतं. सगळ्यांना सगळं बंद नसतं. उगाच सगळं बंद केलं की माणूस खंगतो, काका पहिल्या वर्षी सहा किलो उतरले ते आमच्या अतिउत्साहाने. एक फळ मात्र किडनीच्या रुग्णाला कायमचं बंद. कापलं की चांदणीसारखं दिसणारं, पाच कडांचं आंबट फळ, ज्याला बाजारात स्टार फ्रूट म्हणतात. त्यातलं विष निरोगी किडनी काढून टाकते, बिघडलेली टाकू शकत नाही. त्याने उचकी, बरळणं, झटके आणि मृत्यूही आल्याच्या नोंदी आहेत.

आहारतज्ज्ञाची फी ३०० ते ६०० रुपये. वर्षातून दोनदा दिलेले हे पैसे मला सगळ्यात सार्थकी लागलेले वाटतात.

तज्ज्ञाकडे जायची वेळ आणि गाडी

किडनीच्या तज्ज्ञाची फी ६०० ते १,००० रुपये. ती खर्चाचा लहान भाग आहे. आंजर्ल्याहून दापोली वीस-पंचवीस किलोमीटर, खाजगी गाडी जाऊन-येऊन हजार ते दीड हजार. चिपळूणच्या बाजूला जायचं तर चार ते पाच हजार. मुंबई म्हणाल तर दहा हजारांच्या आत गाडी नाही, वर राहणं-खाणं. वहीतलं २०२१ चं पान बघते: तज्ज्ञांची फी वर्षाला ३,२००, चाचण्या ७,१००, औषधं ९,८००, गाडी ३१,०००.

म्हणून आधी फेऱ्या कमी करा. तज्ज्ञाकडे जायच्या चार दिवस आधी दापोलीत रक्त-लघवी देऊन रिपोर्ट हातात घेऊन जा. नाहीतर तिथे तपासणी, मग रिपोर्टसाठी पुन्हा फेरी. वही न्या, पिशवी न्या. ईजीएफआर ४५ च्या वर स्थिर असेल आणि बीपी ताब्यात असेल तर गावचे किंवा दापोलीचे फॅमिली डॉक्टर सांभाळू शकतात, तज्ज्ञ वर्षातून एक-दोनदा पुरतात. ३० च्या खाली गेला, एसीआर ३०० च्या वर राहिला, किंवा तीन गोळ्यांवरही बीपी उतरत नसेल तर मात्र तज्ज्ञाला टाळू नका. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. आरोग्य केंद्रातून फोनवर डॉक्टरांशी गाठ घालून देतात, साध्या शंकांसाठी एक फेरी वाचते.

एसटीच्या सवलती वापरा. ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट, बायकांना अर्धं. डायलिसिसच्या रुग्णांसाठी साध्या गाडीत मोफत प्रवासाची सवलत आहे, तिचं ओळखपत्र आगाराकडून करून घ्यावं लागतं. डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी रेल्वेने जायचं असेल तर खेड स्टेशनवरून स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट ७५ टक्के सवलतीत मिळतं, सोबतच्या एका माणसालाही. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. दाखल्याच्या चार प्रती एकदमच सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा.

डायलिसिस

सगळं करूनही काकांची किडनी २०२३ मध्ये थकली. ही वेळ प्रत्येकावर येत नाही. बऱ्याच जणांची किडनी बीपी आवरलं तर वर्षानुवर्षं टिकते. पण ईजीएफआर वीसच्या आसपास आला की तयारी सुरू करा, उलट्या आणि दम लागेपर्यंत थांबू नका.

पहिली तयारी हाताची. ज्या हाताने लिहीत नाही त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. त्याच हातात पुढे फिस्टुला करतात, म्हणजे रोहिणी आणि नीला जोडून शीर जाड करतात. ती वापरायजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी जास्तही लागतात. खाजगीत खर्च २० ते ३५ हजार. आधी केली नाही तर मानेत नळी घालावी लागते, तिचे पैसे वेगळे आणि जंतुसंसर्गाची भीती रोजची. काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लसही आधीच घ्या.

खाजगी डायलिसिस एका वेळेला १,२०० ते २,५००. चार तास, आठवड्यातून तीनदा हवं, आपल्याकडे बरेच जण दोनदाच करतात. रक्तवाढीची इंजेक्शनं ४०० ते ९००, आठवड्याला एक किंवा दोन.

हे पैसे खिशातून भरायच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे जा. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे आणि किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाख. डायलिसिस त्यात येतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधार आणि रेशनकार्ड घेऊन थेट त्याच्याकडे जायचं. कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते १५५३८८ या मोफत क्रमांकावर सांगतात. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ पासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही. रेशनकार्डावर नाव बरोबर आहे ना हे आजच बघा. काकांचं आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव वेगळं होतं, त्या दुरुस्तीत तीन आठवडे आणि सात डायलिसिसचे पैसे गेले.

सरकारी डायलिसिस केंद्रांचीही सोय आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून चालतो. दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, खेडजवळचं कळंबणी, चिपळूणजवळचं कामथे, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, आणि सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, या क्रमाने फोन करून चार प्रश्न विचारा: मशीन चालू आहे का, पाळी रिकामी आहे का, किडनीचे तज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, आणि इंजेक्शन योजनेत मिळतं की बाहेरून आणायचं.

नावाची दुरुस्ती झाल्यावर काकांचं डायलिसिस फुकट झालं, आणि तरीही पहिल्या चार महिन्यांत महिन्याला बत्तीस हजार गेले. आठ फेऱ्या, फेरीला चार हजार. पहाटे साडेचारला ओटीवर दिवा लागे, काकू डब्यात भाकरी देई, आणि अंधारात गाडी हर्णैच्या पुलावरून जाई. परत येताना काका मागच्या सीटवर आडवे. चार महिन्यांनी कळलं की त्याच केंद्रात त्याच दिवशी आणखी दोघे आपल्याच बाजूचे येतात. तिघांनी मिळून पाळी एकाच वेळची मागून घेतली आणि गाडी एक केली. खर्च अकरा हजारांच्या आत आला. केंद्राच्या नर्सला विचारा, ‘आमच्या बाजूचं आणखी कोण येतं?’ ती सांगते. पुढे जवळच्या केंद्रात पाळी मिळाली तेव्हा आणखी उतरला. यादीत नाव लावून दर आठवड्याला फोन करत राहिल्याने मिळाली.

पोटातून घरीच करायचं डायलिसिस दूरच्या गावाला सोयीचं आहे, प्रवास जवळजवळ संपतो. महिन्याला पिशव्यांचे २५ ते ३० हजार लागतात आणि स्वच्छ, कोरडी खोली हवी. गाडीभाडं धरून तुलना करा, मग महाग वाटतं की नाही ते ठरवा.

प्रत्यारोपण खाजगीत सात-आठ लाखांपासून पुढे, आणि नंतर आयुष्यभर औषधं, सुरुवातीला महिना आठ ते बारा हजार. मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला त्यासाठी काढून ठेवा. घरात कुणी प्राप्तिकर भरत असेल तर जुन्या करपद्धतीत या आजाराच्या खर्चावर ४० हजारांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकासाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते. तज्ज्ञाची चिठ्ठी आणि बिलं जपून ठेवा.

या धावपळीत काकूकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिलाही बीपी आहे, ६८ वर्षांची आहे, आणि स्वतःची वही तिने कधी उघडली नाही. गेल्या दिवाळीत मी तिची लघवी लॅबमध्ये दिली, ५५० रुपये. एसीआर ४८ आला. ईजीएफआर अजून ७० च्या वर. टेल्मिसार्टन सुरू झाली, महिन्याला तीस रुपयांच्या आत. ‘मला काय धाड भरलीय,’ म्हणत ती रोज गोळी घेते, आणि आता सकाळी ओटीवर दोघांचं बीपी एकापाठोपाठ मोजलं जातं. परवा तिने मिठाचं नवीन पाकीट फोडलं. तारीख घातली, मग रिकामं पाकीट उजेडात धरून मागची तारीख वाचली आणि बोटांवर मोजलं. ४६ दिवस.